आधी झोप बघ

हे बघ पोरी, ओएस कुठली, रायट घेऊ की झेफर की फ्रीआरटॉस, हा प्रश्न दोन दिवस बाजूला ठेव. आधी सांग, तुझं उपकरण दिवसातून किती सेकंद जागं राहणार? सेलवर चालणाऱ्या बोर्डाची ओएस मी तरी तिच्या झोपेवरून पारखतो.

हिशेब कागदावर मांड. सीआर२०३२ बटणसेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास. झोपेत बोर्ड १० मायक्रोअँपिअर खात असेल, तर कागदावर अडीच वर्षं निघतात. त्याच बोर्डावर २ मिलिअँपिअरचा पॉवरचा दिवा सतत जळू दे, पाच दिवसांत सेल रिकामा. म्हणून तो दिवा पहिल्यांदा उपटून टाक. मग पुल-अप रेझिस्टर बघ: ३.३ व्होल्टवर १० किलोओहमचा पुल-अप असलेली पिन शून्याला धरलेली राहिली, तर ३३० मायक्रोअँपिअर फुकट जातात, झोपेतल्या खर्चाच्या तेहतीसपट. हे कुठलीच ओएस तुला आपणहून सांगणार नाही. मीटर लाव आणि बघ.

रेडिओचं तर सगळ्यांनाच उलटं वाटतं. जुन्या सीसी२४२० रेडिओ चिपची डेटाशीट उघड. पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर, आणि नुसतं ऐकत बसताना १८.८! त्यामुळे कोणीतरी बोलेल म्हणून कान देऊन बसणंच महाग पडतं. काँटिकी नावाच्या जुन्या ओएसमध्ये रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवून मधूनमधून क्षणभर उघडणारा थर होता, तो याचसाठी. तिच्यातूनच निघालेल्या काँटिकी-एनजीत टीएससीएच ही पद्धत आहे: शेजारचे नोड ठरलेल्या वेळीच जागे होतात. नोड सेलवर असतील तर हे वापरच.

काँटिकीचा कोड वाचायला घेशील तेव्हा एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. काँटिकीचा कर्ता अॅडम डंकल्स, त्याचे प्रोटोथ्रेड म्हणजे हलके थ्रेड स्वतंत्र स्टॅक ठेवत नाहीत, म्हणून तर काही किलोबाइट रॅममध्ये सगळं मावतं. पण त्यामुळे प्रोसेस वाट बघायला थांबली की तिचे लोकल व्हेरिएबल गेले. जपायचं असेल ते स्टॅटिक कर. आणि सी भाषेतल्या स्विच स्टेटमेंटच्या आत थांबू नकोस, कारण प्रोटोथ्रेड स्वतःच स्विचवर उभे आहेत. या चुकांवर कंपायलर गप्प बसू शकतो आणि व्हेरिएबलची किंमत भलतीच निघते. शोधण्यात आठवडा जातो.

रायटमध्ये थ्रेड खरे, प्रत्येकाला वेगळा स्टॅक. तिथे उलटी काळजी घे: शेलवर पीएस कमांड देऊन कोणी किती स्टॅक वापरला ते बघ, मग आकडा ठरव. रायट तुझ्या लिनक्सवर साध्या प्रोसेससारखंही चालतं. बोर्ड हातात यायच्या आधी अर्धी कामं तिथेच उरकून घे.

लायसन्स आळसाने वाचू नकोस. झेफर अपाची २.०, फ्रीआरटॉस २०१७ पासून एमआयटी, रायट एलजीपीएल २.१. यातल्या शेवटच्यात तू गाभ्यात बदल करून माल विकलास, तर ते बदल गिऱ्हाइकाला मिळायला हवेत. मला ही अट आवडते. तुझ्या साहेबांना मात्र डिझाइन ठरायच्या आधी सांग, नंतर नव्हे.

आणि शेवटी परत झोपेकडे: डीबगचा यूएआर्ट, म्हणजे सिरियल पोर्ट. तो चालू राहिला की पुष्कळ चिप खोल झोपेत जातच नाहीत. मोजमाप घेताना तो बंद करून घे.