अंतःकरणाची हजेरी आणि शरीराची अमानत

एक मनुष्य मस्जिदमध्ये आला. त्याने घाईघाईने नमाज अदा केली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ येऊन सलाम केला. प्रेषितांनी (स.) सलामाचे उत्तर दिले आणि परत जाऊन नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा घडले. अखेर त्याने विनंती केली की, याहून चांगली पद्धत मला ठाऊक नाही, आपणच शिकवावी. तेव्हा प्रेषितांनी (स.) जे शिकविले त्याचा सारांश असा: रुकूमध्ये शरीर स्थिरावेपर्यंत थांबावे, उठल्यावर ताठ उभे राहावे, सजद्यात स्थिरावावे, मग निवांत बसावे आणि संपूर्ण नमाजमध्ये हेच करावे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

या शिकवणीतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सुधारणेची सुरुवात शरीरापासून झाली. गुडघे, पाठ, कपाळ ही आपापल्या जागी क्षणभर थांबली की मनालाही थांबायला जागा मिळते. शरीर धावत असताना मन एका ठिकाणी बसत नाही. मन आणि शरीर यांचा हा संबंध नीट समजून घेणे आणि त्यातून कुटुंबाच्या आरोग्यासाठी काय बोध मिळतो ते पाहणे, हा या पाठाचा हेतू आहे.

१. मनाची हजेरी

कुरआनच्या सूरह अल्-मुअमिनूनच्या आरंभीच, आपल्या नमाजमध्ये खुशू राखणारे ईमानधारक यशस्वी झाल्याचे सांगितले आहे. खुशू म्हणजे अल्लाहसमोर नम्र झालेल्या अंतःकरणाची हजेरी. आज जगभर ‘माइंडफुलनेस’ या नावाने चालू क्षणाकडे सावध लक्ष देण्याचे शिक्षण दिले जाते. ते मनाला स्थिर होण्यास साहाय्य करते. परंतु खुशूमध्ये केवळ सावधपणा नसतो. आपण कोणासमोर उभे आहोत याची जाणीव हा त्याचा प्राण आहे.

ही जाणीव नमाजपुरती मर्यादित नाही. सूरह आलि इमरानमध्ये बुद्धिवंतांचे वर्णन करताना, ते उभे असताना, बसलेले असताना आणि कुशीवर पहुडलेले असताना अल्लाहचे स्मरण करतात, असे म्हटले आहे. हजरत लुकमान यांनी आपल्या पुत्राला केलेल्या उपदेशात चालण्याचाही उल्लेख आहे: चालीत मध्यम मार्ग असावा. म्हणजेच आपण कसे चालतो, हादेखील धर्माच्या शिकवणीचा विषय आहे.

२. शरीराचा हक्क

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्यांना रोखले आणि जाणीव करून दिली की शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही त्यांच्यावर हक्क आहे. इबादतीच्या ओढीनेसुद्धा शरीराचा हक्क डावलता येत नाही, तर आळसाने तो कसा डावलता येईल? शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अमानत आहे. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असा इशाराही हदीसमध्ये आला आहे.

शरीअतने शरीराची मनाशी असलेली गाठही ओळखली आहे. भोजन समोर वाढलेले असताना किंवा नैसर्गिक विधीची निकड असताना नमाजला उभे राहू नये, अशी शिकवण आहे. अस्वस्थ शरीर मनाला आपल्याकडे खेचते, हे त्यामागील एक कारण विद्वानांनी सांगितले आहे. जे क्षणिक अस्वस्थतेला लागू आहे ते दीर्घ अस्वस्थतेलाही लागू आहे. दुखणारे गुडघे, चढणारा दम, रात्रभर न लागलेली झोप यांचा भार फजरच्या नमाजवर पडतोच.

३. नमाज व्यायामाची जागा घेते काय?

‘आम्ही पाच वेळा नमाज अदा करतो, आम्हाला वेगळ्या व्यायामाची काय गरज?’ असे आपल्या घरांत सहज म्हटले जाते. याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. दिवसभराच्या फर्ज नमाजांत १७ रकअती असतात. त्यांत १७ रुकू आणि ३४ सजदे होतात. सांधे वाकतात, पाठ ताणली जाते, बराच वेळ बसलेला माणूस उठतो. हा लाभ खरा आहे. परंतु हृदय व फुफ्फुसे बळकट होण्यासाठी जो श्रम लागतो तो यात घडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. मध्यम श्रमाची सोपी खूण अशी की, त्या वेळी बोलता येते, पण सूर लावून गाता येत नाही. शांतपणे अदा केलेल्या नमाजमध्ये असा दम लागत नाही आणि लागूही नये. नमाज अल्लाहसाठी आहे. तिला कसरतीचे रूप देणे नमाजवर अन्याय आहे, आणि तिच्या नावाने व्यायाम टाळणे शरीरावर अन्याय आहे.

४. दोन्हींची सांगड कशी घालावी?

*वुजू.* वुजूमध्ये आपण पाय धुतो आणि बोटांच्या मधून बोट फिरवितो. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला लहानशी जखम जाणवत नाही आणि ती चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणून वैद्य रोज पाय तपासण्यास सांगतात. वुजू सावधपणे केला तर ही तपासणी दिवसातून अनेकदा सहज घडते. तळवा पाहावा, बोटांमधील भाग पाहावा, नंतर तो कोरडा करावा. हिवाळ्यात पाणी गरम केले असल्यास त्याची ऊब आधी हाताने अजमावावी, पायाने नव्हे.

*मस्जिदची वाट.* मस्जिदकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचे पुण्य हदीसमध्ये सांगितले आहे. जमाअतसाठी धावत न येता शांततेने व गांभीर्याने यावे, हीही शिकवण आहे. मस्जिद दहा मिनिटांच्या अंतरावर असेल आणि फजर व इशाला पायी गेलो, तर येण्याजाण्याची रोजची ४० मिनिटे होतात, आठवड्याची २८०. हेच अंतर आपण स्कूटरवर कापतो आणि नंतर चालायला वेळ नाही अशी तक्रार करतो! जाताना पावले शांत असावीत व जिभेवर अल्लाहचे स्मरण असावे. परतताना पावले जरा झपझप टाकावीत. प्रेषित (स.) चालत तेव्हा उतारावरून उतरल्यासारखे दमदार पावले टाकीत, असे त्यांच्या चालीचे वर्णन आले आहे. रात्रीच्या जेवणानंतर इशासाठी चालण्याचा आणखी एक लाभ आहे: चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात.

चालताना मोबाइल खिशात राहू द्यावा. पावलांची लय, श्वास, पहाटेचा गारवा, पक्ष्यांचा आवाज यांकडे लक्ष द्यावे आणि त्यांच्या निर्मात्याची आठवण ठेवावी. व्यायाम आणि स्मरण यांसाठी दोन वेगळ्या वेळा काढाव्या लागत नाहीत, हे तेव्हा अनुभवास येते.

*घरातील स्त्रिया.* पुष्कळ घरांतील स्त्रिया घरीच नमाज अदा करीत असल्यामुळे ही पायपीट त्यांच्या वाट्याला येत नाही. घरकाम अंग शिणवते, पण त्यात सलग चालणे क्वचितच असते. प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, पुढे काही काळाने प्रेषित (स.) जिंकले. ते घरकामातही हातभार लावीत, हेही हजरत आयशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. म्हणून पत्नीने, आईने वा बहिणीने रोज अर्धा तास चालावे एवढा सल्ला देऊन पुरुषांची जबाबदारी संपत नाही. तो अर्धा तास मुले कोण सांभाळील आणि चुलीकडे कोण पाहील, याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले पाहिजे.

५. आजारी आणि वयोवृद्ध

हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना व्याधी होती. प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पहुडून नमाज अदा करण्यास सांगितले. येथे हालचाल शक्तीनुसार कमी होते, पण हजेरी मात्र कायम राहते. व्यायामालाही हाच नियम लावावा. ज्येष्ठांनी खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा, भिंतीजवळ उभे राहून तोल सांभाळण्याचा सराव करावा. पडणे टळावे यासाठी हे फार उपयोगी आहे. हृदयविकार असलेल्यांनी तसेच इन्सुलिन वा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी व्यायाम वाढविण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

६. थोडे, पण नित्य

अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते, असा आशय हदीसमध्ये आला आहे. आरंभशूरपणा हा आपला जुना दोष आहे. चार दिवस तासभर धावून पाचव्या दिवशी अंथरूण धरण्यापेक्षा रोज वीस मिनिटे चालणे बरे. नमाजच्या वेळा ठरलेल्या असल्यामुळे त्यांना जोडून लावलेली सवय सहसा मोडत नाही, हे आपल्याला लाभलेले फार मोठे साहाय्य आहे. हेतू शुद्ध असेल, म्हणजे इबादतीसाठी, हलाल कमाईसाठी आणि आईवडिलांच्या सेवेसाठी बळ टिकावे एवढीच इच्छा असेल, तर हे चालणेही पुण्यकर्म ठरते.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या रुकूमध्ये व सजद्यात शरीर खरोखर स्थिरावते काय? घरातील मुले आपल्याला पाहून काय शिकत आहेत?

२. दिवसातील कोणत्या दोन नमाजांना आपण पायी जाऊ शकतो?

३. घरातील स्त्रियांना चालण्यासाठी अर्धा तास मिळावा म्हणून प्रत्येकाने कोणते काम उचलावे?

४. घरात मधुमेही व्यक्ती असल्यास तिच्या पायांची रोज पाहणी होते काय?

अल्लाह आपल्या अंतःकरणांना खुशू देवो, आपल्या शरीरांना बळ देवो आणि ही अमानत सांभाळून त्याच्याकडे परतण्याची सुबुद्धी देवो. आमीन.