पायांवर बसवणारे हात

आई-बाबांनो, तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी येत्या सुट्टीत कुत्र्याचं पिल्लू येणार आहे. मुलांनी हट्ट धरलाय, "मी सगळं करीन, तुला काही बघावं लागणार नाही" असं वचन दिलंय आणि तुमचं मन अर्धंअधिक विरघळलंय. ते येण्याआधी माझं एवढं ऐकून घ्या.

आमच्याकडे गेल्या वर्षी मृग लागता लागता मोती आला. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं. पुढे सोपा, मागे न्हाणी आणि परडं, खाली शहाबादी फरशी. घरात सहावीतला मुलगा, साडेतीन वर्षांची धाकटी, आम्ही दोघं आणि सासूबाई. पिल्लू ओंजळीत मावेल एवढं. देणाऱ्यानं दीड महिन्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, जेमतेम पाच आठवड्यांचं असेल.

पहिले चार दिवस घर नुसतं पुसत होते. सोप्यात, जिन्याखाली, पायपुसण्यावर, मुलाच्या दप्तराला लागून. परड्यात नेलं की हे पावसात कुडकुडत उभं राहायचं, काही करायचं नाही आणि आत आणताच उंबऱ्याजवळ शू. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं देवघरापुढे केलं. सासूबाईंची पूजा व्हायची होती, धाकटी रडत होती, मला कामावर जायला उशीर झाला होता. मी त्याची मान धरली, नाक त्या ओल्या फरशीला लावलं आणि पाठीत चापट मारली. कुत्र्याला असंच शिकवतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मुलगा दारात उभा होता. तो काही बोलला नाही.

त्यानंतर तीन दिवस फरशी कोरडी. मला वाटलं, जमलं. चौथ्या दिवशी वास यायला लागला म्हणून कपाट ओढलं, तर मागे सगळं साठलेलं. आणि मुलाच्या दप्तराच्या तळाशी पीटीचा टी-शर्ट, ओला, बोळा करून कोंबलेला.

"तू मोतीला मारशील, म्हणून मी पुसून टाकलं," तो म्हणाला.

मी कपाटाजवळच खाली बसले. पिल्लू काही शिकलं नव्हतं, ते फक्त माझ्या नजरेआड जायला लागलं होतं. आणि माझा मुलगाही.

त्या रात्री सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. देवघरापुढची फरशी त्यांनीच पाणी टाकून धुतली होती आणि मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. "या दोघांना मी पायांवर बसवलं," त्या म्हणाल्या. "शू शिकवायला कधी हात उगारावा लागला का गं?"

तुमच्या घरातही कुणीतरी हे केलं असेल. बाळ झोपेतून उठलं, दूध प्यालं, की आजी न्हाणीत पाय जुळवून बसायची, पावलांवर बाळाला टेकवायची आणि "शूऽऽ" म्हणायची. चार-सहा महिन्यांच्या बाळाला काय कळत होतं? काहीच नाही. कळत होतं ते आजीला. कधी उठलं, कधी प्यालं, चेहरा कधी लाल होतो, पाय कधी आखडतो. वेळ ती ओळखायची, जागा ती दाखवायची, आवाजही तिचाच. बाळाच्या वाट्याला फक्त ते होऊन जाणं. हळूहळू जागा, आवाज आणि पोट हलकं होणं यांची गाठ आपोआप बसत जायची.

पिल्लाचं अगदी हेच आहे. जन्मल्यापासून साधारण तीन आठवडे त्याची आई त्याला चाटून शी-शू करवते आणि ते स्वतःच साफ करते. पुढे पाय फुटले की पिल्लं झोपायची जागा सोडून थोडी लांब जायला लागतात. आईजवळ आणखी काही आठवडे राहिली, तर ही सवय पक्की होत जाते. केंद्र सरकारच्या 2017 सालच्या श्वानप्रजनन नियमांत आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायला बंदी आहे, तिच्यामागे पिल्लाच्या तब्येतीइतकीच ही शिकवणही आहे असं मला आता वाटतं. आमच्या मोतीचं ते शिक्षण आम्ही अर्ध्यात तोडून त्याला आणलं होतं. तुम्ही तसं करू नका. आठ आठवडे थांबा.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन, फार तर तीन तास धरवतं. महिन्यागणिक साधारण एकेक तास वाढतो. म्हणजे रात्री एकदा-दोनदा उठणं आलंच. झोपेतून उठलं की, खाल्लं की, खेळून दमलं की बाहेर. मध्येच जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, की हातातलं काम टाकून बाहेर. रोज तीच जागा, तोच शब्द. आमच्याकडे शब्द सासूबाईंचाच राहिला, "शूऽऽ". झालं की त्याच क्षणी शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा; घरात आल्यावर दिला तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. पावसासाठी परड्याच्या कोपऱ्यात आम्ही पत्र्याखाली तरट अंथरलं आणि त्यावर माती पसरली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बाल्कनीत मातीचा ट्रे किंवा वर्तमानपत्रांचा थर चालतो. लसींचे सगळे डोस पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, रंकाळ्यावर किंवा रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. पार्वोचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतो.

घरात झालंच, तर कोरड्या फडक्यानं टिपून घ्या, पाण्यानं धुवा आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुन्हा पुसा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ते मुरतं, तिथे दोनदा पुसावं लागतं. फिनेलनं आपल्या नाकाला बरं वाटतं, पिल्लाला मात्र खालचा वास येतच राहतो आणि ते पाय चाटतं तेव्हा फिनेल पोटात जातं.

आता खास आपल्या गावाबद्दल. गंगावेशीत म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातात देणारं हे गाव; पिल्लाला दूध घालणं आपल्याला पुण्याचं वाटतं. आम्हीही रात्री वाटीभर म्हशीचं दूध द्यायचो. पुष्कळ पिल्लांना ते पचत नाही, जुलाब होतात. रात्री दूध पाजायचं आणि पहाटे फरशी घाण केली म्हणून ओरडायचं, यात त्याचा काय दोष? रविवारच्या रश्श्याचंही तेच. मायेनं भाकरी कुस्करून घालतो, पण मीठ-मसाल्यानं ते वाट्या वाट्या पाणी पितं आणि मग जागोजागी शू करतं. शिवाय कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक असतो. आमच्या घरात रस्सा आणि दूध बंद झालं त्या आठवड्यातच निम्मा त्रास संपला.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. माझे यजमान कामावरून आले की मोती धावत जायचा, पायाशी लोळायचा आणि तिथेच शू करायचा. ते चिडायचे, चिडले की तो जास्तच करायचा. ती खोडी नसते. समोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला "मी लहान आहे, मला काही करू नका" असं सांगायची ती पिल्लाची भाषा असते. यजमानांनी आल्या आल्या त्याच्याकडे न बघता पायरीवर बसून आधी बूट काढायचं ठरवलं आणि ते पंधरा दिवसांत थांबलं. मात्र पिल्लू सारखं थेंबथेंब करत असेल, कण्हत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं, तर घरचे उपाय नकोत, डॉक्टरकडे न्या.

मुलाच्या वचनाबद्दलही बोलायला हवं. अकरा वर्षांचा मुलगा "मी सगळं करीन" म्हणतो तेव्हा तो मनापासून म्हणत असतो. रात्री दोन वाजता त्याला गाढ झोप लागलेली असते, हेही तितकंच खरं. ते वचन त्याच्यावर उगारू नका. "तूच आणलंस ना, आता तूच पूस" हे वाक्य मी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा त्याचा चेहरा पडलेला पाहिला. पिल्लू घरात आणायचा निर्णय मोठ्यांचा, म्हणून रात्रीची पाळी मोठ्यांची. घरातलं मोठं कुणीच दिवसभर नसेल आणि मधल्या वेळेत येऊन बघणारंही कुणी नसेल, तर मुलांना आत्ता नाही म्हणा. बंद फ्लॅटमध्ये आठ तास कोंडलेलं पिल्लू शिकणार तरी काय?

मुलाला आम्ही दुसरं काम दिलं. एका दोनशे पानी वहीत तो वेळा लिहायचा: किती वाजता उठला, खाल्लं, शू, शी. खाल्ल्यानंतर साधारण वीस मिनिटांनी मोतीची शी होते, हे त्याच वहीतून त्यानं शोधून काढलं. मग जेवण झालं की तो घड्याळाकडे बघत बसायचा आणि वेळ झाली की मला हाक मारायचा. त्या वहीत एका पानावर त्यानं लिहून ठेवलंय, "आज घरात केली. कुणी ओरडलं नाही." धाकटीकडे वर्तमानपत्रं आणून द्यायचं काम. साफसफाईला मात्र तिला हात लावू दिला नाही. पिल्लांच्या पोटात आईकडूनच जंत आलेले असतात आणि ते लहान मुलांना होऊ शकतात. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं वेळेवर द्यायचं आणि मुलांचे हात साबणानं धुवायचे, याला आमच्याकडे सुट्टी नसते. तीन महिन्यांचा झाल्यावर मोतीला रेबीजची लस दिली.

श्रावण संपला तेव्हा सलग एकोणीस दिवस घर कोरडं होतं. वहीत तसं लाल पेनानं लिहिलंय. मग अनंत चतुर्दशी आली. मिरजकर तिकटीवर मिरवणुकीचे आवाज सुरू झाले, खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली आणि रात्री मोती थरथरत देवघराच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे त्याची शू झाली. आम्ही सगळे जागेच होतो. कुणी काही बोलायच्या आधी धाकटी उठली, वर्तमानपत्र आणून त्याच्याजवळ ठेवलं आणि दोन्ही हात त्याच्या कानांवर धरून बसली. सासूबाईंनी फडकं घेतलं. मोती तिथून हलला नाही, लपायलाही गेला नाही.