गोळी फिट थांबवते, व्रण पुसत नाही

लेकीच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एक शब्द होता, ग्लायोसिस. डोक्याच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना. परळहून कामणला घरी पोचेपर्यंत नात्यातल्या एका मुलाने मोबाईलवर शोधून मेंदूचा कॅन्सर जाहीर करून टाकला होता आणि सासूबाईंनी देव पाण्यात बुडवून ठेवले होते. म्हणून आधी हेच सांगते. ग्लायोसिस म्हणजे गाठ नव्हे. गाठीला ग्लायोमा म्हणतात, ती वेगळी. ग्लायोसिस हा जुन्या इजेचा व्रण.

व्रण कसला, ते डॉक्टरांनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. मेंदूत जेवढ्या चेतापेशी, जवळजवळ तेवढ्याच त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी. बाळ पोटात असताना नव्या चेतापेशी ग्लियाच्याच लांबलचक धाग्यांना धरून सरकत आपापल्या जागी पोचतात. जन्मानंतरही कितीतरी वर्षं काही ग्लिया चेतातंतूंवर वेष्टण चढवत असतात. आणि चांदणीच्या आकाराच्या ज्या ग्लिया आहेत, त्या चेतापेशींनी बाहेर सोडलेलं ग्लुटामेट आणि पोटॅशियम उचलून घेतात, म्हणजे खळबळ आवरतात. आमच्याकडच्या हळदीत डीजेचा आवाज वाढवणारे पन्नास असतात, कमी करणारा एखादाच. तोच आजारी पडला तर जे होईल, ती फिट. व्रणातल्या ग्लिया मेलेल्या नसतात, पण आवरण्याचं काम त्यांच्याकडून धड होत नाही.

आमच्याकडे इजा जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी झाली. मुलीचं वजन दोन किलोच्या आत. दूध लगेच उतरलं नाही. जे थोडं आलं ते चीक म्हणून पिळून टाकायला लावलं आणि बाळाला मध चाटवला. बाळ रडेना, ओढेना. भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, "किती शहाणं बाळ!" संध्याकाळी हातपाय झटकायला लागली, तेव्हा कुठे टाचेला सुई टोचून साखर बघितली. अगदी तळाला गेली होती. मेंदू साखरेवर चालतो. त्याचा जो चिमूटभर साठा असतो तो ग्लियातच असतो, आणि तो संपायला वेळ लागत नाही. तान्ह्या बाळात सगळ्यात जास्त मार बसतो तो डोक्याच्या मागच्या भागाला, जिथे नजरेचं केंद्र आहे. हे आमच्याच वाट्याला आलं असंही नाही. मुंबईचे बालमेंदूतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्येच लिहून ठेवलंय, की तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारामागे, म्हणजे वारंवार येणाऱ्या फिटमागे, जन्मानंतर घसरलेली साखर हे नेहमी आढळणारं कारण आहे.

तेव्हा घरात बाळंतीण असेल तर पहिल्या तासात बाळ अंगावर घ्या. चीक टाकू नका, मधाचं बोट नको. बाळ कमी वजनाचं असेल किंवा आईला मधुमेह असेल, तर साखर तपासली का, हे नर्सला तोंडावर विचारा. वाईट दिसलं तरी चालेल. दूध न ओढणारं, मलूल, थरथरणारं बाळ शहाणं नसतं.

लेकीच्या फिट कुणाला फिट वाटल्याच नाहीत. ती म्हणायची, "आई, रंगीत गोळे दिसतात." मग डोळे एका बाजूला वळायचे, उलटी व्हायची. पित्ताचं औषध चाललं, नजर उतरवून झाली. शेवटी शेजारच्या पोराने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि तो पाहून डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूची तपासणी, सांगितला. ईईजीला जाताना केस आदल्या दिवशी धुवा, तेलाचं बोटही लावू नका, नाहीतर तारा चिकटत नाहीत. मूल रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा, म्हणजे तिथे झोपेल.

गोळ्यांनी फिट थांबल्या. वर्षभर काही नाही. मग सुट्टीत ती नातेवाइकांकडे राहायला गेली आणि तिथल्या वडीलधाऱ्यांनी गोळ्या बंद केल्या. बरी झालेल्या पोरीला विष कशाला द्यायचं, म्हणे. परत आणताना चिंचोटी-कामण रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत रिक्षा अडकलेली, आणि हिला फिट आली ती थांबेचना. एकाने चप्पल पुढे केली, एकाने चमचा. मी तिला मांडीवर कुशीला वळवलं आणि घड्याळावर नजर ठेवली. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांच्या पुढे फिट गेली की ती आपोआप थांबेल असं धरून चालता येत नाही. औषध लागतं, दवाखाना लागतो.

गोळी चेतापेशींचा भडका दाबते, व्रणाला हात लावत नाही. म्हणूनच फिट दिसत नाही याचा अर्थ कारण गेलं, असा होत नाही. एरवी दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. व्रण असेल तर जास्त जपून. ते ठरवणं त्यांचं काम, मामा-मावश्यांचं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार उपचार नीट मिळाले तर 70 टक्के रुग्ण फिटशिवाय जगू शकतात. मुलगी असेल तर वयात येण्याआधीच व्हॅल्प्रोएट या फिटवरच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात ते बाळाला घातक ठरतं. आणि लग्नाची काळजी करणाऱ्यांना सांगा, अपस्मार हे कारण विवाह कायद्यातून 1999 मध्येच काढून टाकलंय.

आता लांबलेली फिट थांबवायला नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घेतलाय, किती फवारे ते वजनावर ठरतं. एक घरात, एक वर्गशिक्षिकेच्या कपाटात, सोबत मराठीत चिठ्ठी. शाळा सुरू झाली की जूनमध्ये वजन करायचं आणि दोन्ही स्प्रेंची मुदत तपासायची.