शब्दांच्या आधारे चढाई

संगणकावर एकट्याने खेळावयाचे खेळ पुष्कळ आहेत. परंतु त्यांत असाही एक प्रकार आहे, की ज्यात हजारो माणसे आपापल्या घरी बसून इंटरनेटच्या साहाय्याने एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात. प्रत्येक जण एखादे पात्र धारण करतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी जखमा बऱ्या करणारा. या प्रकाराचे मूळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी रचलेल्या ‘मड’ या खेळात सापडते. त्यात चित्रे मुळीच नव्हती. सारे जग लिखित वाक्यांतून उभे राहत असे. पुढे चित्रे आली, तरी खेळाडूंचे परस्परांशी बोलणे बराच काळ लिखितच राहिले.

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ सुरू झाला. त्यातील एका गटात जास्तीत जास्त सहा खेळाडू असत. एवढ्यांनी सामान्य राक्षस मारता येत. पण नागाफेन किंवा व्हॉक्स यांसारखे महाकाय ड्रॅगन सहा जणांना आटोपत नसत. त्यासाठी अनेक गट एकत्र येत. या सामूहिक मोहिमेला ‘रेड’, म्हणजे चढाई, असे नाव पडले. कबड्डीतील चढाई एकट्याची असते. ही मात्र तीस, चाळीस, कधी त्याहूनही अधिक जणांची. नवल असे, की आरंभीच्या काळात अनेक गटांना एका सूत्रात बांधणारी कोणतीही सोय खेळात नव्हती. ती पुढे काही वर्षांनी आली. तोपर्यंत ही फौज केवळ टंकलिखित शब्दांवर चालली.

खेळाडूंना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, आवाज ऐकू येत नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यातील एका चौकटीत सर्वांचे संदेश आणि लढाईतील घावांच्या नोंदी एकामागून एक सरकत जात. त्या गर्दीत नेत्याची आज्ञा वाहून जाऊ नये, म्हणून लढाई सुरू झाली की इतरांनी गप्प राहावे, असा दंडक संघ पाळत. शब्दही आखूड झाले. मंत्रशक्ती संपल्याचे तीन अक्षरांत कळवले जाई. राक्षसाला ओढून आणणारा खेळाडू ‘येत आहे’ अशा अर्थाचा एकच शब्द लिही. पळणाऱ्याच्या मागे राक्षसांची रांग लागली, तर तिला ‘ट्रेन’ म्हणत, आणि तो शब्द वाचताच वाटेतील लोक बाजूला होत.

या लिखित संकेतांचे सर्वांत काटेकोर उदाहरण म्हणजे उपचारकांची पाळी. ड्रॅगनचे घाव अंगावर घेणारा एकच योद्धा पुढे उभा असे. त्याला पूर्ण बरे करणारा मंत्र पूर्ण होण्यास दहा सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात तो योद्धा सहज मरू शके. म्हणून उपचारकांना क्रमांक दिले जात. पाच उपचारक असतील आणि प्रत्येकाने आधीच्यानंतर दोन सेकंदांनी मंत्र आरंभला, तर योद्ध्याला दर दोन सेकंदांनी एक उपचार पोहोचतो. मंत्र सुरू करताना उपचारक एक कळ दाबी, आणि त्याचा क्रमांक व पुढच्याची पाळी सांगणारी ओळ आपोआप सर्वांना दिसे. तिसऱ्याची ओळ वाचून चौथ्याने सुरुवात करावयाची. त्या काळी अनेकांचे इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमने चाले. एखाद्याची जोडणी तुटली की साखळीत खंड पडे. अशा वेळी पुढच्याने ते ताडून आपली पाळी अलीकडे घ्यावी लागे. हे कौशल्य तलवार चालवण्याहून अवघड होते.

चूक स्वस्त नव्हती. मेलेल्या पात्राची शस्त्रे, चिलखत, पैसा सारे त्याच्या प्रेताजवळच राही, आणि खेळाडू दूरच्या ठिकाणी रिकाम्या हाताने पुन्हा जन्म घेई. ठरावीक मुदतीत प्रेत गाठले नाही, तर महिनोन्महिन्यांची कमाई नष्ट होई. संपूर्ण फौज कापली गेल्यास प्रेते परत मिळवण्यात रात्र सरत असे. आपले प्रेत दुसऱ्याने ओढत सुरक्षित जागी न्यावे, यासाठी त्याला नावानिशी संमतीची आज्ञा लिहावी लागे.

लुटीची वाटणी हा वादाचा दुसरा विषय. ड्रॅगनजवळ दोनतीन मौल्यवान वस्तू सापडत आणि हक्कदार चाळीस असत. त्यातून ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ ही पद्धत निघाली. चढाईला हजर राहणाऱ्यास गुण मिळत आणि वस्तू घेताना ते खर्च करावे लागत. खेळातील पैशापेक्षा संघाच्या वहीतील या गुणांना अधिक मान होता.

या संघटनेची कसोटी नोव्हेंबर २००३ मध्ये ‘रॅलोस झेक’ या सर्व्हरवर लागली. केराफर्म हा निद्रिस्त ड्रॅगन अजिंक्य मानला जाई. एकदा जागा झाला की वाटेत येईल त्याचा तो संहार करी आणि त्या जगातून कायमचा निघून जाई. तेथील तीन प्रतिस्पर्धी संघांनी वैर बाजूला ठेवले आणि सुमारे दोनशे खेळाडू उभे केले. पहिल्या प्रयत्नात ड्रॅगन बराच घायाळ झाला असता खेळ चालवणाऱ्यांनीच त्याला अदृश्य केले. खेळाडू संतापले, कंपनीने क्षमा मागितली आणि पुन्हा संधी दिली. दुसऱ्या वेळी मेलेल्यांना उपचारकांनी वारंवार उठवत सुमारे तीन तास झुंज दिली, तेव्हा केराफर्म पडला.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. त्याच्या आरंभीच्या मोठ्या चढायांत चाळीस जण असत. याच सुमारास टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो या साधनांनी खेळाडू एकमेकांशी प्रत्यक्ष बोलू लागले. आज्ञा क्षणात पोहोचू लागली आणि हात लढण्यास मोकळे राहिले. परंतु आवाजाबरोबर बोलणाऱ्याचे वय, लिंग, उच्चारही उघड झाले. टंकलिखित जगात सेनापती म्हणून मान मिळवणारा कदाचित शाळकरी मुलगा असे, आणि ते कोणास कळत नसे. काही स्त्रियांना नको ते शेरे ऐकावे लागत, म्हणून त्या ऐकत, पण बोलत नसत. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी तर लिखित चौकट हाच एकमेव दुवा होता. बोलणे आवाजावर गेले तेव्हा नेत्याने आज्ञा लिहूनही द्यावी, हे त्यांना मागून घ्यावे लागले.