सदाफुलीचा पाला आणि राखणीचा कुत्रा

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी बंधू आपला मळ्यावरचा कुत्रा घेऊन आमच्याकडे आले. कुत्र्याच्या जननेंद्रियावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी तांबडी गाठ आली होती आणि तीतून रक्त ठिबकत होते. "फादर, सदाफुलीपासून कॅन्सरचे औषध करतात असं ऐकलं. चार दिवस पाला वाटून पाजला. आता हा खातही नाही, नुसता ओकतो," ते म्हणाले. त्यांनी ऐकले ते खरे होते, पण केले ते चुकीचे होते. या दोहोंत अंतर किती, हे आज आपण पाहू.

औषध सापडले कसे?

१९५२ साली कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैका बेटावरून सदाफुलीची पाने आली. तेथील लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत. डॉ. नोबल यांनी अर्क उंदरांना पाजून पाहिला, पण रक्तातील साखर उतरली नाही. तोच अर्क टोचला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. म्हणजे लोकसमजूत चाचणीत टिकली नाही, पण चाचणीमुळेच दुसरी वाट सापडली. पांढऱ्या पेशी घटवणारे द्रव्य त्या पेशींच्या कर्करोगावर का चालू नये? १९५८ साली डॉ. नोबल व डॉ. चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टिन वेगळे केले. पुढे अमेरिकेत याच झाडातून विनक्रिस्टिन निघाले आणि १९६३ साली तेथे त्यास मान्यता मिळाली.

मग पाला का चालत नाही?

१. ढीगभर वाळलेल्या पानांतून अगदी नगण्य विनक्रिस्टिन निघते.
२. पानांत सत्तरांहून अधिक अल्कलॉइड असतात. त्यांतील काही विषारी आहेत.
३. विनक्रिस्टिन फक्त शिरेतून देतात. ते शिरेबाहेर सांडले तर तेथील मांस सडते.

या कुत्र्याचा रोग कोणता?

हा सांसर्गिक लैंगिक कर्करोग. आपल्याकडील मोकाट कुत्र्यांत तो नेहमी आढळतो. येथे कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. समागमातून, तसेच हुंगण्या-चाटण्यातूनही तो पसरतो. त्यामुळे कधी नाकातही गाठ होते व नाकातून रक्त येते. या रोगावर विनक्रिस्टिन फार गुणकारी आहे. आठवड्यातून एक, अशी बहुधा चार ते सहा इंजेक्शने दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात.

नव्या औषधाची पारख

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या वर्षावनात आपल्या एरंडाच्या कुळातले एक झाड आहे. त्याच्या बियांतून टिगिलॅनॉल टिग्लेट हे द्रव्य काढतात. कुत्र्यांच्या कातडीवरील मास्ट पेशींच्या गाठीत ते टोचतात. अमेरिकेत शंभराहून अधिक कुत्र्यांवर त्याची चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुत्र्यांची वाटणी केली. एका गटास औषध टोचले, दुसऱ्यास टोचल्याचे नुसते सोंग केले. कोणास काय दिले, हे कुत्र्याच्या धन्यास कळू दिले नाही. २८ दिवसांनी पाहिले, तर औषध दिलेल्यांपैकी शेकडा ७५ कुत्र्यांची गाठ पूर्ण गेली होती. दुसऱ्या गटात शेकडा ५ जणांची. २०२० साली युरोप व अमेरिकेत या औषधास परवानगी मिळाली.

दुसरा गट कशासाठी, असे कोणी विचारील. खत घातलेल्या वाफ्याशेजारी बिनखताचा वाफा ठेवल्याशिवाय खताचा गुण कळतो का? तसेच हे आहे. शिवाय वाफे पुरेसे हवेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एका अळंब्यातील द्रव्य पानथरीच्या कर्करोगावर देऊन पाहिले. २०१२ साली अवघ्या १५ कुत्र्यांवरील निष्कर्ष फार आशादायक वाटले. पुढे १०१ कुत्र्यांवर चाचणी झाली. २०२२ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. एका कुत्र्याला गुण आला, एवढ्यावर औषध ठरत नाही ते यामुळेच.

आपण काय करावे?

• कुत्र्यास गाठ दिसली, लघवीच्या जागेतून किंवा नाकातून रक्त आले, तर लगेच गुरांच्या दवाखान्यात न्यावे. झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.
• काही पाजले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये.
• इंजेक्शनांचा क्रम मधेच सोडू नये. ताप, उलटी, मरगळ दिसल्यास डॉक्टरांना कळवावे.
• इंजेक्शननंतर काही दिवस कुत्र्याची लघवी, विष्ठा, ओकारी हातमोजे घालून साफ करावी. गरोदर बायांनी व मुलांनी ते काम करू नये.
• कुत्र्याचे ऑपरेशन करून घ्यावे व त्यास मोकाट सोडू नये. हा सर्वांत स्वस्त उपाय.

त्या बंधूंना आम्ही त्याच दिवशी दवाखान्यात धाडले. पाला बंद झाला, उलट्या थांबल्या. पाच आठवड्यांत पाच इंजेक्शने झाली व गाठ विरून गेली. औषध सदाफुलीचेच होते. फरक एवढाच की ते वेगळे काढलेले, मोजलेले व पारखलेले होते. आज तो कुत्रा पुन्हा मळ्याची राखण करतो आहे. सदाफुली अंगणात जरूर लावा; पाटा-वरवंट्यापासून मात्र तिला दूर ठेवा.