जुना सांगाडा, नवे इंजिन

मोटारीच्या नोंदणीपुस्तिकेत दोन क्रमांक लिहिलेले असतात. एक सांगाड्याचा, म्हणजे चॅसिसचा, आणि दुसरा इंजिनाचा. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा या दोन क्रमांकांची लग्नगाठ बांधली गेलेली असते. इंजिन झिजून निकामी झाले की ही गाठ सोडून सांगाड्याला दुसरे इंजिन जोडावे, हा विचार मोटारीच्या इतिहासाइतकाच जुना आहे. मात्र तो कोणत्या कारणाने केला जातो, हे देशपरत्वे बदलते.

अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या हलक्या मालवाहू मोटारीत, मूळच्यापेक्षा मोठे इंजिन बसविण्याचा छंद पुष्कळांना आहे. तेथील मोठ्या आकाराच्या आठ सिलिंडरी इंजिनांना 'बिग ब्लॉक' असे म्हणतात. शेव्हरोलेट कंपनीचे १९७० साली निघालेले ४५४ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ७.४ लिटरचे इंजिन हे त्यांपैकीच एक होय. १९४७ नंतरच्या काही वर्षांतील शेव्हरोलेट पिकअपचे मूळ इंजिन सहा सिलिंडरांचे, २१६ घनइंचाचे, म्हणजे साडेतीन लिटरांचे व ९० अश्वशक्तीचे होते. त्याच्या दुपटीहून मोठे इंजिन त्याच सांगाड्यात बसविण्यामागे हौस असते, गरज नसते.

भारतात नेमके उलटे घडले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि १९५४ साली तो बंद केला. त्या मुदतीत रस्त्यावर आलेल्या अमेरिकन गाड्या त्यानंतर अनेक वर्षे धावत राहिल्या; परंतु त्यांचे सुटे भाग मिळणे दिवसेंदिवस दुरापास्त होत गेले. त्यात १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचे जागतिक भाव जवळजवळ चौपट झाले. डिझेलचा दर मात्र सरकारी धोरणाने पेट्रोलहून बराच खाली ठेवला जाई. (पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये.) साडेतीन लिटरांचे तहानलेले पेट्रोल इंजिन पोसणे सामान्य मालकाच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा मोठे इंजिन काढून लहान डिझेल इंजिन बसविणे, हाच गाडी वाचविण्याचा मार्ग उरला.

हे काम अनेक शहरांत झाले. पण त्यासाठी लागणारी सामग्री व हात बंगळूरमध्ये विशेष जवळ होते. डिझेल इंजिनाचा प्राण म्हणजे इंधन फवारणारा पंप. तो बनविणारी 'मायको' कंपनी १९५१ पासून याच शहरात होती. (२००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले.) १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने येथेच लेथयंत्रे बनविण्यास सुरुवात केली. अशा कारखान्यांमुळे मोजमापाची आणि कातकामाची शिस्त अंगी बाणलेला कारागीरवर्ग शहरात तयार झाला. जे. सी. रोड हा तर मोटारीच्या सुट्या भागांचा बाजारच. लगतच्या कलासिपाळ्यात लॉऱ्यांची आणि बसगाड्यांची वर्दळ असे. इंजिने मात्र बाहेरून येत, आणि त्यांपैकी एकाचा प्रवास मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल: पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात मर्सिडीजच्या परवान्याने तयार होणारे सुमारे २.४ लिटरचे चार सिलिंडरी डिझेल इंजिन. मॅटॅडोरमुळे परिचित झालेले हे इंजिन जीप आणि जुन्या अमेरिकन गाड्या यांत पुढे सर्रास बसविले गेले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणादाखल १९५० च्या सुमाराची अर्ध्या टनाची शेव्हरोलेट पिकअप घेऊ. इंजिनाच्या झाकणाखाली जागा भरपूर आहे. नवे इंजिन त्यात सहज मावते. त्यामुळे काम सोपे आहे असा समज होतो. खरी अडचण पुढे नसून गाडीच्या पोटाखाली आहे.

गिअरपेटीतून मागच्या आसाकडे शक्ती नेणारा दांडा आजच्या गाड्यांत उघडा असतो. या पिकअपमध्ये मात्र तो एका जाड पोलादी नळीत बंदिस्त आहे, आणि ती नळी केवळ आवरण नव्हे. चाके रस्त्याला मागे रेटतात तेव्हा गाडीला पुढे लोटणारा जोर आसाकडून या नळीवाटे गिअरपेटीकडे जातो व तेथून आधारांमार्फत सांगाड्याला मिळतो. मागच्या कमानपाट्यांवर भार पेलण्याचेच मुख्य काम असते. नव्या इंजिनाबरोबर त्याची स्वतःची गिअरपेटी आणली, तर तिला ही नळी जोडताच येत नाही. मग आस, नळी, कमानपाट्यांची बैठक, सारेच बदलावे लागते. अमेरिकेतील हौशी मंडळी तेच करतात. कारण बिग ब्लॉकचा पीळ सोसण्याची ताकद जुन्या गिअरपेटीत नसतेच.

काटकसरीचा मार्ग निराळा. जुनी गिअरपेटी, नळी आणि आस जागच्या जागी ठेवावयाची आणि नवे इंजिन व जुनी गिअरपेटी यांच्यामध्ये एक जाड पोलादी तबकडी बसवावयाची. तबकडीच्या एका अंगाला नव्या इंजिनाची भोके, दुसऱ्या अंगाला जुन्या घराची. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरपेटीच्या दांड्याचा मध्य तंतोतंत एका रेषेत यावा लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा फरकही उपद्रवी ठरतो: क्लच पूर्ण सुटत नाही, बेअरिंग अकाली झिजते, गिअर आपोआप निसटतो. डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवीत, काट्याची थरथर पाहत कारागीर तबकडी सरकवितो. या एका कामात घालविलेला दिवस पुढील पुष्कळ खर्च वाचवितो.

आधारांचा प्रश्न याहून नाजूक आहे. चार सिलिंडरी डिझेल इंजिन मंद गतीत जोराने थरथरते, म्हणून त्याला मऊ रबराचे आधार हवे असतात. पण नळीतून येणारा रेटा याच आधारांवर पडतो, म्हणून ते कडकही हवेत. या ओढाताणीत चूक झाली की काही महिन्यांत पत्र्याला भेगा पडू लागतात आणि दोष मात्र इंजिनाला दिला जातो.

गतीचा हिशोब कागदावर करता येतो. या पिकअपच्या आसाचे गुणोत्तर ४.११ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात दांड्याचे ४.११ फेरे होतात. चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर चाक सुमारे ५८४ फेरे घेईल आणि गाडी ताशी जवळजवळ ७७ किलोमीटर चालेल. लहान डिझेल इंजिनाचा पीळ याच फेऱ्यांच्या आसपास सर्वाधिक असतो, म्हणून जुना आस त्याला मानवतो. बिग ब्लॉकला मात्र हा आस जाचक होतो. ३,००० फेऱ्यांना गाडी ९६ किलोमीटरवरच असते आणि इंजिन उगाच घरघरते. गुणोत्तर ३.०८ केले तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग १२९ पर्यंत जातो. पण तेव्हा जुन्या ड्रम ब्रेकचे काय? वेग दीडपट झाला की थांबविताना शोषावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते. शक्ती वाढवून ब्रेक तसेच ठेवणे याला साहस म्हणता येणार नाही, तो निव्वळ अविचार होय.

लहानसहान गोष्टीही विसरून चालत नाही. मूळ गाडीची वीजव्यवस्था ६ व्होल्टची आहे. डिझेल इंजिनात हवा सुमारे एकवीसपट दाबली जाते. ते फिरविण्यास जोरकस स्टार्टर आणि १२ व्होल्टची मोठी बॅटरी लागते. मग दिवे, भोंगा, मापके यांचीही बदली आलीच. काचेवरील वायपर तर पेट्रोल इंजिनाच्या शोषनळीतील निर्वातावर चालतो, आणि डिझेल इंजिनात तसा निर्वात पुरेसा मिळत नाही. ज्याने इंजिन उन्हाळ्यात बदलले, त्याला हे पहिल्या पावसात उमगते.

कायद्याची बाजू या सगळ्यांहून अवघड झाली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही शिक्षा ठरविल्या. याउलट जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हिंटेज' हा दर्जा आणि 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक देऊ केला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

या अटीत एक विसंगती आहे. ज्या मालकाने पेट्रोल परवडत नाही म्हणून गाडी गोदामात उभी करून ठेवली, तिचे मूळ इंजिन शाबूत राहिले. ज्याने डिझेल इंजिन बसवून तीच गाडी आणखी वीस वर्षे राबविली, आणि म्हणून भंगारात जाऊ दिली नाही, त्याची गाडी मूळ स्वरूपाची उरली नाही. नियम करणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. मूळपणाची रेषा कोठे तरी ओढावीच लागते. तरीही या गाड्यांमागचे कसब दुर्लक्षिले जावे, हे उचित वाटत नाही.

परतीची वाट क्वचित उरते. तबकडी जोडताना सांगाडा कापलेला नसेल, नवे आधार वितळजोड न करता बोल्टांनी बसविले असतील आणि काढलेले इंजिन जपून ठेवले असेल, तर जुनी जोडी पुन्हा जुळविता येते. त्या २१६ घनइंची इंजिनाच्या जोडदांड्यांत बॅबिट हा मऊ धातू ओतून बेअरिंग घडवावे लागते व नंतर ते हाताने खरवडून बसवावे लागते. हे काम येणारे हात आता थोडे उरले आहेत. म्हणून इंजिन बदलणाऱ्याने पहिल्याच दिवशी एवढे करावे: काढलेल्या इंजिनात तेल भरावे, स्पार्क प्लगच्या भोकांना बुचे मारावी, आणि इंजिन क्रमांकाच्या पट्टीवर ग्रीस चोपडून ते कोरड्या जागी लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे.