घरच्या कुत्र्याची लस आणि घरातल्यांचा खर्च

कुत्रा चावला की माणसाला दवाखान्यात नेतात आणि कुत्र्याचे काय करायचे ते मागाहून ठरते. खर्चाच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. माणसाला होणाऱ्या रेबीजमागे जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 99 टक्क्यांपर्यंत कुत्राच असतो, आणि एकदा लक्षणे दिसली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून हिशेब कुत्र्यापासूनच मांडू.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची पहिली लस, पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक. खासगी पशुवैद्याकडे तपासणीसह साधारण 300 ते 700 रुपये लागतात. शहराप्रमाणे दर बदलतो. सरकारी गुरांच्या दवाखान्यात हेच काम फार थोडक्यात होते. 6 जुलै आणि 28 सप्टेंबरच्या आसपास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण शिबिरे असतात, तेव्हा तारखेआधी आठवडाभर चौकशी करा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. मांजर पाळले असेल तर त्यालाही ही लस हवीच.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक खर्च टाळू नये. कुत्र्याच्या एकत्रित लसीत बहुधा लेप्टोस्पायरोसिसचाही समावेश असतो. ती साधारण 600 ते 1000 रुपयांना पडते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरणारा हा रोग माणसालाही होतो. कुत्र्याला द्यायच्या जंताच्या गोळ्या तर स्वस्तच असतात, आणि अंगणातल्या मातीत खेळणाऱ्या मुलांसाठी त्या फार मोलाच्या आहेत.

आता चाव्याकडे वळू. पहिला उपचार फुकट आहे: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवायची. चुना, मिरची, हळद काहीही लावायचे नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने आजही काही जण घरीच बसतात; ती जुनी लस देशात केव्हाच बंद झाली आहे.

महाराष्ट्र राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. सरकारी केंद्रात लस बहुधा दोन्ही दंडांवर कातडीत टोचतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगीत ती सहसा स्नायूत आणि पाच वेळा देतात. एका कुपीला साधारण 350 ते 400 रुपये धरले तर लसीचेच दोन हजारांच्या आसपास होतात, डॉक्टरांची फी वेगळी.

खरा मोठा खर्च सीरमचा. दात रुतून रक्त आले असेल, किंवा जखमेवर कुत्र्याने चाटले असेल, तर लसीबरोबर रेबीज सीरमही लागते आणि ते जखमेतच सोडायचे असते. त्याचे प्रमाण वजनावर ठरते. मानवी सीरम किलोला 20 एकक, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 1200. एका कुपीत 300 एकक असतील तर चार कुप्या, आणि खासगीत हे बिल वीस हजारांच्या घरात जाऊ शकते. घोड्यापासून बनवलेले सीरम किलोला 40 एकक लागते, तरी ते कितीतरी स्वस्त पडते आणि सरकारी रुग्णालयांत मुख्यतः तेच वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले मोनोक्लोनल अँटिबॉडीचे इंजेक्शन हा तिसरा पर्याय आहे. सीरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. लस लगेच सुरू करून तिथूनच ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात फोन करायला सांगा. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येते. सीरम मिळेपर्यंत लस थांबवणे मात्र धोक्याचे.

मोफत लसीलाही किंमत पडते, आणि ती गरिबालाच मोजावी लागते. 2025-26 मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. चार डोसांसाठी चार खाडे म्हणजे 1248 रुपये, वर एसटीचे भाडे. तिसरा-चौथा डोस चुकतो तो इथे. निष्काळजीपणा म्हणून त्याकडे पाहणे मला अन्यायाचे वाटते. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर बैल आणि कुत्राही जातो. लसीचे कार्ड जवळ असले तर पुढचा डोस कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रातही घेता येतो, ही गोष्ट मुकादमाने तोडीवरच्या प्रत्येकाला सांगायला हवी.

माणसांचा दवाखाना आणि गुरांचा दवाखाना पुष्कळदा एकाच रस्त्यावर असतात, पण एकाची माहिती दुसऱ्यापर्यंत जात नाही. ती जाऊ लागेपर्यंत हे काम आपणच करायचे. डॉक्टरांना सांगा की कुत्रा घरचा आहे, त्याला शेवटची लस कधी दिली, आणि तो नजरेसमोर आहे का. लस दिलेला असला किंवा नसबंदी-लसीकरणाची खूण म्हणून कान कातरलेला असला तरी उपचार सुरू करायचेच. मात्र कुत्रा किंवा मांजर दहा दिवस ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस कमी करता येतील का ते डॉक्टर ठरवतात. पशुवैद्याला सांगा की घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे का.

गोव्याने कुत्र्यांचे लसीकरण, शाळाशाळांतून प्रबोधन आणि संशयित कुत्र्यांचा शोध हे तिन्ही एकत्र चालवले, आणि 2021 मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. आपल्या ग्रामपंचायतीकडे इतके तरी मागा, की बाळांच्या लसीकरणाच्या दिवशी त्याच आवारात पशुवैद्यही बसावा. एकाच खाड्यात दोन्ही कामे होतील.

कोर्स पूर्ण झाल्यावर माणसाचे कार्ड कुत्र्याच्या कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा. पुढे कधी पुन्हा चावा झाला आणि हे कार्ड दाखवता आले, तर पहिल्या व तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, आणि सीरम लागत नाही.